मिस्टेक माझी, फॉल्ट तुझा

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी फुटली. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, तुमच्याही घरी एक असेलच. आत अर्धी बरणी कैरीचं लोणचं होतं. तेल आणि खार ओट्यावरून खाली फ्रीजच्या पायापर्यंत पोचले होते, आणि मधोमध आमची सहावीतली कन्या एका पायावर उभी.

आई आतल्या खोलीतून ओरडली, "फुटली का फोडलीस गं?"

कन्येने शांतपणे उत्तर दिलं, "आज्जी, मिस्टेक माझी आहे, पण फॉल्ट बाबाचा आहे. बरणी ओट्याच्या अगदी कडेला त्यानेच ठेवली होती."

आता हे खरं होतं. सकाळी पोळीबरोबर लोणचं घेऊन बरणी कडेला ठेवणारा मीच. आई फडका घेऊन आली आणि म्हणाली, "चूक ती चूक. त्यात मिस्टेक काय आणि फॉल्ट काय!" आणि ती खाली बसून पुसायला लागली. मी नुसताच बघत उभा. कारण मिस्टेक आणि फॉल्ट यांतला जो फरक या अकरा वर्षांच्या मुलीला एका पायावर उभं राहून सांगता आला, तो मला एकोणतिसाव्या वर्षी कळला होता. आणि त्याची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली होती.

तर आजची पोस्ट त्याबद्दल.

आमची शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. बाई शब्दांच्या जोड्या घोकून घ्यायच्या. सी म्हणजे दिसणं आणि लुक म्हणजे बघणं, हिअर म्हणजे ऐकू येणं आणि लिसन म्हणजे ऐकणं, हाऊस विटांचं आणि होम माणसांचं. (शेवटचं वाक्य बाई दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी खिडकीतून बाहेर बघायच्या. का ते कधी कळलं नाही.) मिस्टेक, एरर, फॉल्ट या तिघांना मात्र माझ्या डिक्शनरीत एकच अर्थ होता: चूक. फॉल्टपुढे स्वल्पविराम देऊन 'दोष' असंही होतं, पण परीक्षेला पहिला अर्थ लिहिला की मार्क मिळायचे, दुसरा कोण पाठ करतो?

नोकरी लागल्यावर पहिला धक्का दिला तो 'डाऊट' या शब्दाने. आपल्याकडे वर्गात हात वर करून "सर, डाऊट आहे" म्हणायचं म्हणजे विचारायचंय, समजलं नाही. शंका. मी एका ब्रिटिश माणसाला मेल लिहिली की तुमच्या डिझाईनबद्दल मला काही डाऊट्स आहेत. त्याच्याकडे डाऊट म्हणजे विश्वास नसणे. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला एक मुलगा त्याला कळवत होता की तुमचं डिझाईन चालेल असं काही मला वाटत नाही. त्याने अत्यंत सभ्य आणि अत्यंत थंड उत्तर पाठवलं. हा किस्सा मी पुढे अनेकदा सांगितला, लोक हसले. यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या किश्श्याचं तसं नाही.

२९ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. आमची टीम परदेशातल्या एका क्लायंटचं पॉलिसी रिन्युअलचं सॉफ्टवेअर सांभाळत होती, मी टीम लीड. रात्रीचा बॅच जॉब अर्ध्यात पडला. कारण नंतर ऐकायला फार साधं वाटतं: आज दिलेली पॉलिसी कधी संपणार हे काढण्यासाठी आमचा कोड वर्षात एक मिळवायचा आणि दिवस-महिना तसाच ठेवायचा. २९ फेब्रुवारी २००८ मध्ये एक वर्ष मिळवलं की येते २९ फेब्रुवारी २००९, आणि ही तारीख कुठल्याच कॅलेंडरात नाही. डेटाबेसने ती घेतली नाही, जॉब तिथेच बसला, आणि मागच्या सगळ्या पॉलिसी रांगेत अडकल्या.

तो कोड लिहिला होता साताऱ्याच्या एका मुलाने. टीममध्ये सगळे त्याला सातारकर म्हणायचे, इथेही तेच नाव राहू दे. दीड वर्षाचा अनुभव, मान खाली घालून काम करणारा, मला 'सर' म्हणायचं सोड असं दहा वेळा सांगूनही न सोडणारा. रात्री दोन वाजता फोन केला तर अडीचला कात्रजहून बाईक मारत ऑफिसला हजर. पहाटे सहापर्यंत आम्ही दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं, जॉब परत चालवला, खाली टपरीवर चहा घेतला. तिकडे क्लायंटची मेल येऊन पडली होती: नेमकं काय झालं?

मी चहा पिऊन वर आलो आणि उत्तर लिहिलं. चार ओळींचं. त्यातली दुसरी ओळ मला अजून पाठ आहे: "द जॉब फेल्ड ड्यू टू हिज फॉल्ट." आणि पुढे सातारकरचं नाव, लीप इयरची कंडिशन त्याने मिस केली वगैरे.

माझ्या डोक्यातलं मराठी वाक्य होतं, 'त्याची चूक झाली.' आणि खरं सांगायचं तर मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, माझ्यासाठी फॉल्ट हा शब्द तारांमधला होता. आपल्याकडे लाईट गेली की वायरमन खांबावर चढतो आणि वरून ओरडतो, "फॉल्ट सापडला!" तो फॉल्ट लाईनमध्ये असतो, वायरमनमध्ये नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनीही हे शब्द नीट वाटून घेतलेले आहेत. आयईईईने १९९० साली काढलेल्या शब्दावलीत, ६१०.१२ हा तिचा नंबर, मिस्टेक म्हणजे माणसाच्या हातून घडलेली कृती, फॉल्ट म्हणजे त्यामुळे प्रोग्राममध्ये राहिलेली चुकीची पायरी, आणि फेल्युअर म्हणजे जगाला दिसलेला चुकीचा निकाल. माणूस मिस्टेक करतो, कोडमध्ये फॉल्ट राहतो, सिस्टिम फेल होते. या हिशोबाने फॉल्ट कुणाचाच नसतो, तो असतो ओळ क्रमांक अमुकमध्ये.

पण क्लायंटचा मॅनेजर आयईईई वाचून इंग्रजी शिकला नव्हता. तो आईच्या मांडीवर शिकला होता. आणि मांडीवरच्या इंग्रजीत 'इट वॉज अ मिस्टेक' म्हणजे चुकलं, आणि 'इट वॉज हिज फॉल्ट' म्हणजे याला धरा. मिस्टेक ही घडलेली गोष्ट आहे. 'माय फॉल्ट', 'युअर फॉल्ट' म्हटलं की तो निकाल होतो. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, दोष कोणाचा ते स्पष्ट केल्याबद्दल आभार. सीसीमध्ये आमचे वरचे तीन लोक. पुढच्या आठवड्यात क्लायंटने सातारकरला प्रोजेक्टवरून काढायला सांगितलं.

आमच्या मॅनेजरने काढलं. सातारकर बेंचवर गेला. त्या वर्षी सप्टेंबरनंतर जगात काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच, नवे प्रोजेक्ट येईनात, आणि २००९ च्या सुरुवातीला एचआरच्या यादीत बेंचवरच्या ज्या मुलांची नावं आली त्यात त्याचं होतं. माझ्या मेलमुळे त्याची नोकरी गेली असं म्हणता येणार नाही. माझ्या मेलशिवायही गेली असती असंही म्हणता येत नाही. मधल्या त्या दहा महिन्यांत कँटीनमध्ये तो समोरून आला की मी मोबाईलमध्ये बघायचो.

हे शब्द आले कुठून ते मी खूप नंतर शोधलं, आणि त्यात रमलो. मिस्टेक हा व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला, मूळ अर्थ चुकीचं उचलणं. आपण मंदिराबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून येतो, ती खरी मिस्टेक. :-) एरर लॅटिनमधून आला, मुळात भटकणं, रस्ता सोडून जाणं. आणि फॉल्ट नॉर्मन लोकांच्या मागोमाग फ्रेंचमधून. त्याच्या मुळाशी फसवणं असा अर्थ असलेलं लॅटिन क्रियापद आहे, फेल आणि फॉल्स त्याचेच भाऊबंद. म्हणजे तिघांपैकी दोन निव्वळ वाटेवरचे गोंधळ, आणि तिसऱ्याच्या रक्तातच फसवणूक.

आता आपलं 'चुकणं' घ्या. ते एररच्या जातीचं आहे. वाट चुकते, बस चुकते, काळजाचा ठोका चुकतो, जत्रेत चुकामूक होते. यातल्या एकाही ठिकाणी आपण कुणाला धरत नाही. 'चुकवणं' म्हटलं की मात्र गंमत सुरू. कर चुकवतात, नजर चुकवतात. आणि शेवटी हिशोब चुकता करतात, तोही याच घरातला शब्द वाटतो.

मेलचा किस्सा मी नंतर 'डाऊट'च्या किश्श्याला जोडून सांगायला लागलो होतो. "मराठीत एकच शब्द रे, चूक. इंग्रजीत दोन. आपण मराठी मीडियमवाले कसे गंडतो बघ!" लोक हळहळायचे, माझ्याबद्दलच. २०११ च्या गणपतीत मित्राकडे हे सांगून झालं आणि घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "तू ती गोष्ट सांगतोस ना, त्यात तो कोड रिव्ह्यू कोणी केला होता?"

मी म्हटलं, मीच. म्हणजे माझ्याकडून ते बघायचं राहून गेलं.

ती म्हणाली, "हं. त्याने मिस केलं, आणि तुझ्याकडून राहून गेलं."

पुढे घरापर्यंत कुणीच काही बोललं नाही.

तिने नेमकं बोट ठेवलं होतं. मराठीत एकच शब्द आहे हे अर्धसत्य आहे. इंग्रजीने जो फरक नामात ठेवलाय तो मराठीने क्रियापदात आणि प्रत्ययात ठेवलाय, एवढंच. बरणी फुटली. माझ्या हातून बरणी फुटली. मी बरणी फोडली. तीन वाक्यं, तीन वेगवेगळे गुन्हे. पहिल्यात तर गुन्हेगारच नाही. त्यातलं मधलं 'हातून' बघा, हात माझा आहे पण घडणारी गोष्ट नुसती त्यातून गेली. नळातून पाणी जावं तशी. इंग्रजीत हे एका शब्दात आणून दाखवा. तसंच 'राहून गेलं', तसंच 'लक्षातच आलं नाही'. पाच वर्षांचं पोरसुद्धा स्वतःबद्दल 'सांडलं' म्हणतं आणि भावाबद्दल 'याने सांडवलं'. ते त्याला कुठल्याही बाई शिकवत नाहीत. (आणि भाषा गरीब वगैरे म्हणायचंच असेल तर इंग्रजीवाल्यांना आधी उष्टं आणि खरकटं यांतला फरक विचारा. आत्या आणि मावशी राहू द्या, तो तर त्यांचा जुनाच प्रॉब्लेम आहे.)

म्हणजे त्या पहाटे माझ्याकडे शब्द नव्हता असं नाही. मला फरक आईच्या मांडीवरूनच येत होता. मी फक्त 'केलं' त्याला दिलं आणि 'राहून गेलं' स्वतःला ठेवलं. आणि मेलमध्ये तर 'राहून गेलं'सुद्धा लिहिलं नाही. त्या चार ओळींत रिव्ह्यू हा शब्दच नव्हता.

अशा वाक्यांनी खरंच काही फरक पडतो का? पडतो, आणि कुणीतरी तो मोजलाही आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञांचा २०१० चा एक पेपर आहे. २००४ च्या सुपर बोलमध्ये जस्टिन टिंबरलेक आणि जॅनेट जॅक्सन यांच्या नाचात कपडा फाटल्याचं प्रकरण आठवत असेल. त्याचं वर्णन त्यांनी लोकांना दोन प्रकारे वाचायला दिलं, जवळजवळ शब्दशः सारखं, फरक एवढाच की एकात 'त्याने फाडला' आणि दुसऱ्यात 'फाटला'. मग विचारलं, टिंबरलेकने दंड किती भरावा? 'फाडला' वाचणाऱ्यांनी पन्नास टक्क्यांहून जास्त दंड ठोकला. प्रसंगाचा व्हिडिओ दाखवला तरीही 'फाडला'वाले जास्तच दोष देत होते. डोळ्यांनी बघूनही! आणि आमच्या क्लायंटने तर काहीच बघितलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त माझं वाक्य होतं.

इथे एक उलटी बाजूही आहे, ती सांगायला हवी, नाहीतर वाटेल की सगळीकडे 'झालं, फुटलं, राहिलं' लिहिलं की प्रश्न मिटला. आमच्या धंद्याने 'बग' हा शब्द उचलला तो याच सोयीसाठी. बग म्हणजे किडा, कुठूनतरी बाहेरून आला, आपण काय करणार! डाइकस्ट्रा यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलंय की त्याला बग म्हणणं सोडा, एरर म्हणा, म्हणजे ती प्रोग्राम करणाऱ्याची आहे हे लक्षात राहील. मला डाइकस्ट्रा पटतात, पण अर्धेच. स्वतःबद्दल बोलताना 'केली' म्हणावं आणि दुसऱ्याबद्दल बोलताना 'झाली', एवढं जमलं तरी पुष्कळ. मी बरोबर उलटं केलं होतं.

२९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा बंद पडली. त्यांच्या एका प्रोग्रामने सर्टिफिकेट बनवताना मुदत काढायला आजच्या तारखेच्या वर्षात एक मिळवला, आणि आली २९ फेब्रुवारी २०१३. तीच ओळ! जगातल्या सर्वात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक, चार वर्षांनंतर, आणि साताऱ्याच्या मुलाने लिहिली तीच ओळ. मार्चमध्ये त्यांनी सविस्तर रिपोर्ट छापला. काय झालं, किती वाजता झालं, आम्हाला कळायला किती वेळ लागला, आता कुठे काय बदलणार. लांबलचक रिपोर्ट, आणि त्यात ती ओळ लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याच वर्षी जॉन ऑलस्पॉ यांनी दोष न देता पोस्टमॉर्टेम कसं करायचं यावर लिहिलं आणि हळूहळू ती पद्धत आमच्या धंद्यात रुळली. आज आमच्याकडेही फॉर्ममध्ये माणसाच्या नावाचा कॉलम नाही.

तो रिपोर्ट मी दोनदा वाचला. मग एका जुन्या कलीगकडून सातारकरचा नंबर काढला. तो बंगळुरूला होता, लग्न झालं होतं. आधी मेल लिहायला बसलो होतो, इंग्रजीत. 'आय रिग्रेट' लिहिलं, खोडलं. रिग्रेट म्हणजे वाईट वाटतंय, रेल्वेही गाडी उशिरा आली की तेच करते. 'आय अपॉलोजाइझ' लिहिलं, ते एचआरच्या लेटरहेडसारखं दिसायला लागलं. 'सॉरी फॉर व्हॉट हॅपन्ड', म्हणजे पुन्हा घडलंच, मी काही केलंच नाही! तिन्ही ड्राफ्ट उडवले आणि फोन लावला.

"सर! बोला सर," तो म्हणाला. चार वर्षांनंतरही सरच.

मी हवापाणी केलं, अझूरचं सांगितलं, तो म्हणाला वाचलंय सर, लई हसलो. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी म्हटलं, "अरे, तो कोड रिव्ह्यू मी केला होता. मी नीट बघितलंच नव्हतं. आणि मेलमध्ये ते मी लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही."

"माहितीय सर," तो म्हणाला. "त्याच दिवशी सकाळी मी हिस्टरी काढून बघितली होती. अप्रूव्हरमध्ये तुमचंच नाव होतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

मागे त्याचं बाळ रडायला लागलं, तो म्हणाला ठेवतो सर, बंगळुरूला आलात की या घरी. अजून गेलेलो नाही.

तर आज सकाळी बरणीचे तुकडे गोळा करून झाल्यावर मी कन्येला सांगितलं की हो, बरणी मीच कडेला ठेवली. आई लगेच म्हणाली, "मग आता तूच जाऊन नवी घेऊन ये, चांगली जाड बघून. आणि येताना कैऱ्या मिळतात का बघ." शनिवारी तुळशीबागेत पार्किंग मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. निघतो.